‘शाय’ म्हणजे लाजरा नव्हे, बुजरा

‘शाय’ हा शब्द कोल्हापुरात आता इंग्रजी राहिलेला नाही. पाहुणे आले आणि पोरगं आईच्या पदराआड गेलं की आई म्हणते, "शाय आहे हो जरा." लग्नाच्या बायोडेटात मुलीच्या स्वभावापुढे ‘शाय अँड होमली’ असं लिहिलेलं असतं. राजारामपुरीत इंग्रजी स्पीकिंगच्या क्लासला नाव घालायला आलेला इंजिनिअर म्हणतो, "सर, ग्रामर येतंय सगळं, पण बोलायचं म्हटलं की शाय वाटतंय." तिन्ही ठिकाणी मनात ‘लाजणे’ असतं आणि तोंडातून ‘शाय’ बाहेर पडतं. गडबड इथंच होते.

मराठीत ‘लाज’ या एका शब्दाखाली बरंच काही येतं. नवी नवरी लाजते ती लाज. उधारी थकली म्हणून दुकानासमोरून जाताना मान खाली जाते, तीही लाज. पोरानं कॉपी केली म्हणून बाप ओरडतो, "लाज आणलीस," तीही लाज. ऐनवेळी मित्र धावून येतो आणि चारचौघांत आपली राखतो, तीही लाजच. इंग्रजीला हे सगळं एका शब्दात सांगता येत नाही. ‘शाय’ तर यातल्या पहिल्या लाजेलासुद्धा पुरता पुरत नाही, कारण तो शब्द मुळात लाजेचा नाहीच. तो दचकण्याचा आहे.

बेंदराला, म्हणजे बैलांच्या सणाला, नवं खोंड पहिल्यांदा मिरवणुकीत आणलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना हे चटकन कळेल. शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, आणि शेजारी हलगी कडाडते. खोंड कान टवकारतं, मागं सरतं, आडवं होतं. कासरा धरलेला गडी म्हणतो, "बुजलंय ते, दमानं घ्या." घोडा असा दचकून आडवा उडाला की इंग्रजीत नेमकं हेच क्रियापद येतं: ‘द हॉर्स शाइड’. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘सहज दचकणारा, भेदरणारा’ असा होता. लोकांत मिसळायला कचरणारा माणूस हा अर्थ साधारण 1600 च्या सुमारास रुळला आणि घोड्यासाठीचं क्रियापदही त्याच शतकातलं. म्हणजे ‘शाय’ला मराठीत सख्खा भाऊ शोधायचा तर तो ‘लाजरा’ नव्हे, ‘बुजरा’. आपणही माणसाला बुजरा म्हणतो आणि जनावर बुजलं म्हणतो. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता हाच रस्ता धरला.

जर्मनमध्ये हा शब्द ‘शॉय’ असा आहे, अर्थ तोच. पाखरांना हुसकावायला शेतात जे उभं करतात त्याला जर्मन लोक ‘फोगेलशॉयखं’ म्हणतात. त्यातलं ‘फोगेल’ म्हणजे पाखरू आणि उरलेला भाग याच ‘शॉय’च्या कुळातला. आपल्याकडे त्याला काय म्हणतात? बुजगावणं! पाखरं बुजवतं ते बुजगावणं. जोंधळ्याच्या रानात फाटका सदरा घालून उभं असलेलं ते ध्यान आणि पाहुण्यांसमोर पदराआड गेलेलं पोरगं यांचं शब्दांतून असं नातं लागतं. मला तरी हे कुठल्याही व्याकरणापेक्षा जास्त लक्षात राहणारं वाटतं.

मूळ दचकण्याचं असल्यामुळे ‘शाय’मध्ये बरं-वाईट काहीच नाही. मराठीत ‘लाज’ नसलेला माणूस म्हणजे निर्लज्ज, सरळ शिवीच. इंग्रजीत ‘शाय’ नसलेला माणूस फक्त मोकळा किंवा धीट. ‘शायलेस’ असा शब्दच नाही. ‘शेमलेस’ आहे, पण तो ‘शेम’चा, आणि ‘शेम’ हे वेगळं घराणं. आपल्याकडची पोरं ‘शाय’ शिकण्याच्या आधीच बालवाडीत ‘शेम शेम’ हे गाणं शिकतात, चड्डी घसरली की सगळा वर्ग एका सुरात ते म्हणतो. त्यामुळे पुढं आयुष्यभर या दोन शब्दांची सरमिसळ होते. एखाद्या वयस्कर साहेबांनी इंग्रजीतून बोलताना "आय अॅम अशेम्ड टु स्पीक इन पब्लिक" म्हटलं तर ऐकणारा इंग्रज चपापेल. यांनी असं काय केलंय, असं त्याला वाटेल.

क्लासमध्ये मी एक साधी खूण सांगतो. गोष्ट घडायच्या आधी मन मागे सरतं ते ‘शाय’. घडत असताना किंवा नुकतीच घडल्यावर कान तापतात ते ‘एम्बॅरस्ड’. आपण काही चुकीचं केलं हे मनाला टोचतं ते ‘अशेम्ड’. महाद्वार रोडवर भर गर्दीत चप्पल तुटली आणि अनवाणी चालावं लागलं: एम्बॅरस्ड. ओळखीच्या दुकानदाराकडे भाव कमी करून मागायला जीभ उचलत नाही: शाय. त्याच्याकडून चुकून जास्त आलेले पैसे गुपचूप खिशात घातले आणि रात्री झोप लागली नाही: अशेम्ड. मराठीत तिन्ही वेळा आपण ‘मला लाज वाटली’ म्हणून मोकळे होतो.

मग त्या इंजिनिअरचं काय? त्याला जे होतंय त्यासाठी इंग्रजीत अगदी मापाचा शब्द आहे: ‘सेल्फ-कॉन्शस’. सतत आपलं आपल्यावरच लक्ष. माझा उच्चार बरोबर आला का, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकच झाला का, समोरचा हसला का. तो मुळात बुजरा नाही. मित्रांच्या कट्ट्यावर त्याचाच आवाज सगळ्यात मोठा असतो. "आय फील सेल्फ-कॉन्शस व्हेन आय स्पीक इंग्लिश" हे वाक्य त्याची अवस्था ‘शाय’पेक्षा कितीतरी नेमकी सांगतं.

वापराचं थोडं व्याकरण. माणसांपुढे बुजणं असेल तर ‘विथ’ येतो: ‘शी इज शाय विथ स्ट्रेंजर्स’. एखादी कृती करायला बुजत असेल तर ‘अबाउट’: ‘डोन्ट बी शाय अबाउट आस्किंग’. जेवणाच्या पंगतीत तांबडा-पांढरा वाढताना आपण "लाजू नका, घ्या की!" म्हणतो ना, तिथं इंग्रजीतही हुबेहूब "डोन्ट बी शाय" म्हणतात. इथं एकदाच दोन्ही भाषा जुळतात. ‘शाय’चं भूतकाळी रूप लिहिताना शेवटचा ‘वाय’ जाऊन ‘आय’ येतो, ‘आयएनजी’ लावताना मात्र ‘वाय’ तसाच राहतो. ‘जास्त शाय’ असं म्हणायचं तर ‘वाय’ ठेवा किंवा ‘आय’ करा, दोन्ही स्पेलिंगं चालतात.

‘शाइज अवे फ्रॉम’ म्हणजे एखाद्या गोष्टीपासून अंग काढून घेणं. ‘ही नेव्हर शाइज अवे फ्रॉम अ फाइट’ हे वाक्य खासबागेतल्या कुठल्याही पैलवानाला शोभेल. इथं लाजण्याचा प्रश्नच नाही, बिचकण्याचा आहे. शेपटीसारखा मागे लागणारा ‘शाय’ही असाच. ‘कॅमेरा-शाय’ म्हणजे मोबाईल पुढं केला की तोंड फिरवणारा. रील्सच्या जमान्यात हे लोक दुर्मिळ होत चाललेत. ‘गन-शाय’ मुळात बंदुकीच्या आवाजाला बिचकणाऱ्या शिकारी कुत्र्यासाठी, आणि मग एकदा हात पोळल्यामुळे पुन्हा धाडस न करणाऱ्या माणसासाठी. आणि ‘वर्क-शाय’? कामाला लाजणारा? अजिबात नाही. अंगचोर, कामचुकार. ‘वन्स बिटन, ट्वाइस शाय’ ही म्हण आपल्याकडे दुधानं तोंड पोळल्यावर ताक फुंकून पिणाऱ्याची. या सगळ्यांत ‘शाय’च्या जागी ‘लाजरा’ घालून बघा, एकही वाक्य उभं राहत नाही. ‘बुजलेला’ किंवा ‘बिचकलेला’ घाला, बहुतेक राहतात.

क्रिकेट ऐकणाऱ्यांना आणखी दोन ‘शाय’ भेटतात. फलंदाज 98 वर बाद झाला की समालोचक म्हणतो, ‘टू रन्स शाय ऑफ अ सेंच्युरी’. म्हणजे शतकाला दोन कमी. आणि क्षेत्ररक्षकानं चेंडू उचलून थेट यष्ट्यांवर फेकला की ‘हॅड अ शाय अॅट द स्टंप्स’. इथं ‘शाय’ म्हणजे फेक, नेम धरून मारणं. इंग्लंडच्या जत्रांमध्ये लाकडी चेंडू फेकून नारळ पाडायचा खेळ असतो, त्याला ‘कोकोनट शाय’ म्हणतात. तिथं नारळ लाजत नाही, हे वेगळं सांगायला नको.

आता ‘शाय’ची भावकी. बायोडेटावाल्यांनी हा भाग जरा लक्ष देऊन वाचावा.

‘बॅशफुल’ हा त्यातल्या त्यात आपल्या ‘लाजरा’च्या सगळ्यात जवळचा. मान खाली, ओठांवर अर्धं हसू, गालावर लाली. हा शब्द ‘अबॅश’मधून आला आणि ‘अबॅश’ जुन्या फ्रेंचमधून, तिथं त्याचा अर्थ थक्क होणं, आ वासणं. लहान मुलांसाठी, नव्या नवरदेवासाठी तो छान बसतो. मोठ्या माणसाच्या कामाबद्दल बोलताना तो वापरला तर किंचित थट्टा होते.

‘कॉय’पासून मात्र सावध. शब्दकोशात ‘लाजरी’ असा अर्थ बघून काही लोक तो बायोडेटात घालतात. लॅटिन ‘क्वाएटस’ म्हणजे शांत, त्यातून फ्रेंचमार्गे आलेला हा शब्द मूळचा निरुपद्रवी. पण आज ‘कॉय’ म्हणजे लाजण्याचं सोंग करणारी, लाडिक, मनात हो असून तोंडानं नाही म्हणणारी. शिवाय पुढाऱ्यांनाही लावतात. निवडणुकीला उभं राहणार का, या प्रश्नावर जो नुसता हसतो आणि विषय बदलतो, तो ‘कॉय’. आपली लेक अशी आहे असं कुठला बाप लिहून देईल? त्याच्या शेजारच्या ‘होमली’चीही तीच गत. आपण घरकामात रमणारी या अर्थानं लिहितो, अमेरिकन माणूस ‘दिसायला बेताची’ असं वाचतो. ‘शाय अँड होमली’ असा बायोडेटा न्यू जर्सीच्या स्थळाला पाठवला तर तिथं जन्मलेला मुलगा काय समजेल ते समजेल.

‘डिम्यूअर’ म्हणजे मर्यादशील. 2024 साली एका व्हिडिओमुळे हा शब्द इतका गाजला की डिक्शनरी डॉट कॉमनं त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. गाजला तोही थट्टेनंच.

‘टिमिड’ म्हणजे भित्रा. यात कौतुक नाही. याचाच भाऊ ‘इंटिमिडेट’, धाक दाखवणं. ‘डिफिडंट’ जास्त कामाचा. लॅटिनमध्ये विश्वास ठेवण्यासाठी जे क्रियापद आहे त्यातूनच ‘कॉन्फिडंट’ आला आणि ‘डिफिडंट’ही. पूर्वी त्याचा अर्थ दुसऱ्यावर भरवसा नसलेला असा होता, आता स्वतःवर नसलेला. उत्तर येतंय, तरी हात वर करायला कचरणारा विद्यार्थी डिफिडंट. तो बुजरा असेलच असं नाही, त्याला फक्त आपल्या उत्तराची खात्री नाही.

आणि ‘रिझर्व्हड’. महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या डब्यावर जो असतो तोच. सीट राखीव, तसा माणूसही हातचं राखून बोलणारा. तो घाबरलेला नसतो, ठरवून कमी बोलतो. मराठीत आतल्या गाठीचा म्हटलं तर त्यात संशयाची छटा येते, ‘रिझर्व्हड’मध्ये ती नाही. म्हणून नोकरीच्या ठिकाणी स्वतःबद्दल सांगताना ‘शाय’पेक्षा ‘रिझर्व्हड’ बरा. ‘शाय’ म्हटलं की समोरचा तुमच्यात काहीतरी उणं शोधतो.

उलट बाजूनंही एक गंमत आहे. आपल्याकडे एक असा स्वभाव आहे, ज्याला इंग्रजीत एकही शब्द पुरत नाही. भिडस्त. मित्र म्हणाला, "पतसंस्थेत कर्ज काढतोय, जामीन राहशील?" आणि पोटात गोळा आला असतानाही आपण सही करून आलो. भिशीत नाव घालायचं नव्हतं, पण वहिनी दारात आल्या म्हणून घातलं. हा माणूस बुजरा नसतो. चार लोकांत खणखणीत बोलतो, भाषण ठोकतो, पण ‘नाही’ म्हणताना त्याची जीभ जड होते. भीड भिकेची बहीण, ही म्हण त्याच्याच अंगणातली. याचं ‘शाय’ असं भाषांतर केलं की अर्थ साफ बुडतो. ‘ही फाइंड्स इट हार्ड टु से नो’ असं अख्खं वाक्यच वापरावं लागतं. ‘शाय’ माणसाला लोकांत जायची धास्ती, भिडस्ताला लोकांचं मन मोडायची. मुखदुर्बळ हा तिसराच, त्याला मन मोडायची भीती नाही, लोकांत जायची नाही, पण ऐनवेळी शब्द सुचत नाहीत. असे तीन वेगळे शब्द असताना आपण तिघांनाही ‘शाय’ म्हणून एका दावणीला बांधतो, हे मला आपल्याच भाषेवर अन्यायाचं वाटतं.

शब्दाच्या पलीकडे स्वभावाकडे वळू. मानसशास्त्रात ‘शायनेस’चा अर्थ बराच काटेकोर आहे. त्यात दोन गोष्टी एकाच वेळी हव्यात: लोकांत जावंसं वाटणं, आणि लोक आपल्याबद्दल काय म्हणतील या धास्तीनं पाय मागे घेणं. पहिली गोष्टच नसेल तर तो बुजरा नाही, त्याला फक्त एकांत आवडतो. ‘इंट्रोव्हर्ट’ हा शब्द कार्ल युंग यांनी 1921 मध्ये जी मांडणी केली तिच्यामुळे जगभर पसरला आणि आज रील्समध्ये सगळेच स्वतःला इंट्रोव्हर्ट म्हणवतात. पण इंट्रोव्हर्ट म्हणजे गर्दीत दमणारा, बुजरा म्हणजे गर्दीत घाबरणारा. रंकाळ्यावर संध्याकाळी एकटाच फेरी मारून मजेत घरी जाणारा इंट्रोव्हर्ट असू शकतो. कट्ट्यावर बसलेल्या घोळक्याकडे बघत बघत, जावं की न जावं करत, तिसरी फेरी मारणारा बुजरा.

हा फरक 1981 साली चीक आणि बस या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगानं दाखवला. माणसं किती मिळून-मिसळून राहू इच्छितात आणि किती बुजतात, या दोन गोष्टी त्यांनी वेगवेगळ्या मोजल्या. निष्कर्ष असा की एकीवरून दुसरी ठरत नाही. अनोळखी जोडीदारासोबत बसवल्यावर सगळ्यात जास्त अवघडलेले कोण दिसले? ज्यांना बोलायची ओढही होती आणि बुजरेपणाही. ते नजर टाळत होते, हातानं चेहरा-केस चाचपत होते. ज्यांना बोलायची फारशी इच्छाच नव्हती ते त्यामानानं निवांत.

असे लोक थोडेथोडके नाहीत. 1970 च्या दशकात स्टॅनफर्डच्या फिलिप झिम्बार्डो यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना विचारलं तेव्हा साधारण 40 टक्के जण म्हणाले, आम्ही शाय आहोत. आयुष्यात कधी ना कधी शाय होतो असं म्हणणारे 80 टक्क्यांच्या वर होते. बोलक्या, बिनधास्त म्हणवणाऱ्या अमेरिकेत हे आकडे. ‘कोल्हापूरचा माणूस रांगडा, त्याला कसली लाज’ असं म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

रांगडेपणाचा आणि बुजरेपणाचा तसा छत्तीसचा आकडा नाही. हजारो लोकांसमोर लाल मातीत उतरून सलामी देणारा पैलवान सत्काराच्या वेळी माईक हातात आला की दोन शब्दांत आटोपतो आणि घाम पुसतो. मैदान तेच, लोक तेच. कुस्तीत त्याला मोजणारा फक्त प्रतिस्पर्धी असतो, माईकवर सगळेच मोजतायत असं त्याला वाटतं. बुजरेपणा माणसात असतो तसाच जागेतही असतो.

आपल्या पोरा-पोरींचं पुण्यात होतं तेही याच जातीचं. कोल्हापुरात "मी आलो, मी जेवलो" असं बिनदिक्कत बोलणारी मुलगी पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात ऐकते, "अगं, तू मुलगी आहेस की मुलगा?" सगळे हसतात. पुढचे काही महिने ती तोंड उघडण्याआधी वाक्य मनात घोळवून बघते. घरी फोनवर मात्र तिचा आवाज पहिल्यासारखाच. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात, "ती ना, खूप शाय आहे." नाही. ती बुजरी नव्हती, तिला बुजवलं गेलं. मराठीत ‘बुजणे’चं ‘बुजवणे’ असं प्रयोजक रूप आहे याचं मला बरं वाटतं. इंग्रजी ‘शाय’ला असं रूप करता येत नाही.

काही मुलं मात्र जन्मतःच जास्त सावध असतात. हार्वर्डचे जेरोम केगन यांनी लहान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. अनोळखी माणूस, नवं खेळणं, नवी खोली समोर आली की साधारण 15 ते 20 टक्के मुलं थिजतात, आईला चिकटतात, त्यांची छाती जास्त धडधडते, असं त्यांना आढळलं. पण हे कपाळावर लिहिलेलं नसतं. त्यातली बरीच मुलं मोठी होताना मोकळी झाली. जन्माचा कल खरा, त्याचं पुढं काय होईल ते घर, शाळा, गल्ली ठरवतात.

गाल लाल होण्याकडे चार्ल्स डार्विनचंही लक्ष गेलं होतं. भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर 1872 साली आलेल्या आपल्या ग्रंथात त्यानं एक पूर्ण प्रकरण लाजून लाल होण्यावर खर्च केलं आणि सगळ्या भावमुद्रांमध्ये ही सर्वांत मानवी आहे असं लिहिलं. माकड रागानं लाल होईल, पण लाजून लाल फक्त माणूस होतो. कारण, त्याच्या मते, दुसरा आपल्याबद्दल काय विचार करत असेल याचा विचार. सावळ्या कातडीवरही ही लाली येते, फक्त दिसत नाही, हेही त्यानं नोंदवलं. आपण ‘कान तापले’ म्हणतो ते उगाच नाही.

पण दुसरा आपल्याबद्दल खरंच तेवढा विचार करतो का? कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी 2000 साली एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. एका विद्यार्थ्याला, घालायला संकोच वाटेल असा गायकाच्या चेहऱ्याचा टी-शर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं आणि नंतर विचारायचं, किती जणांनी तुझा टी-शर्ट पाहिला असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा. प्रत्यक्षात लक्षात राहिला तो जेमतेम पाव लोकांना. क्लासमधल्या इंजिनिअरांना मी हा प्रयोग सांगतो तेव्हा ते हसतात, पण ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ची काळजी त्यानं लगेच जात नाही.

एक गोष्ट वेगळी काढून सांगायला हवी, कारण ती ‘शाय आहे’ या शब्दाखाली हमखास झाकली जाते. चारचौघांत खाताना हात थरथरतात, फोन उचलायचा म्हटलं की घाम फुटतो, तोंडी परीक्षा नको म्हणून पोरगं वर्षच सोडायला निघतं, नोकरीची मुलाखत जवळ आली की उलट्या होतात, आणि हे सहा-सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ चालतं. तो स्वभाव राहिलेला नसतो. त्याला ‘सोशल अँग्झायटी डिसऑर्डर’ म्हणतात. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 1980 मध्ये हा विकार ‘सोशल फोबिया’ या जुन्या नावानं नोंदला गेला. त्यावर उपचार आहेत. विचारांची सवय बदलणारी आणि भीतीच्या प्रसंगाला पायरी-पायरीनं सामोरं नेणारी थेरपी चांगला गुण देते, गरज पडल्यास डॉक्टर औषधंही देतात. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर मराठीतूनही बोलते. "लग्न झालं की सुटेल," हा आपल्याकडचा उपचार मात्र कुठल्याही पुस्तकात नाही.

शेवटचा मुद्दा फॉर्मचा, कारण जूनमध्ये पालक हाच प्रश्न घेऊन येतात. इंग्रजी शाळेच्या प्रवेश अर्जात ‘मुलाच्या स्वभावाबद्दल लिहा’ असा रकाना असतो आणि तिथं ‘ही इज व्हेरी शाय’ असं लिहून पालक मोकळे होतात. मूल शेजारीच उभं असतं, ऐकत असतं. बाईही पहिल्या दिवसापासून त्याला त्याच शब्दानं ओळखतात. 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या एका दीर्घ अभ्यासात टॉमस आणि चेस या डॉक्टर दांपत्यानं अशा मुलांसाठी ‘शाय’ वापरलं नाही. साधारण 15 टक्के मुलं त्यांना या गटात दिसली आणि त्यांनी नाव दिलं ‘स्लो टु वॉर्म अप’. नव्या जागेत आधी कडेला उभं राहून बघायचं, मग हळूहळू आत शिरायचं, अशी ही मुलं. मराठीत यासाठी ‘रुळणे’ हा शब्द आपल्याकडे आधीपासून आहेच, बेंदरातलं ते खोंडसुद्धा दोन-चार मिरवणुकांनी रुळतं. तर रकान्यात ‘ही टेक्स अ लिटल टाइम टु सेटल इन’ असं लिहा, आणि बाईंना तोंडी सांगताना सरळ आपल्या मराठीत सांगा: रुळायला जरा वेळ लागतो त्याला, पहिले आठ दिवस पुढं ओढू नका.